खांड्याचा कान

"तलवारीला कान कुठं असतो, सांग बघू," मी राजसला विचारलं.

माझी बहीण हळदीच्या अंगानं माजघरात पाटावर बसली होती आणि बायका तिच्या हातात चुडा भरत होत्या. एरवी असल्या प्रश्नावर तिनं माझी फिरकी घेतली असती. त्या दिवशी तिनं नुसतं वर पाहिलं.

"आला का खांडा?"

"आला की. पालखीत बसून आला. पुढं ताशे, शिंगं, मागं दोनेकशे स्वार आणि रायमाळचे कारभारी त्रिंबकपंत. मुठीला मुंडावळ्या बांधल्यात. वेशीवर पाय धुवायला गेलो तर पाय नाहीत, म्हणून म्यानाच्या टोकावर पाणी घातलं. आता होमाच्या वेळी कान पिळायचा तर कान नाही. असला कसला गं नवरा तुझा?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. पण माझं दुःख खरं होतं.

आमच्याकडं लग्नात लाह्यांचा होम असतो. नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या तिच्या सख्ख्या भावानं, आणि तेव्हाच नवरदेवाचा कान धरून चांगला पिळायचा. बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. नवरदेवानं कळ सोसायची, भाऊ मागेल ते द्यायचं, आणि मगच सप्तपदी. राजसला भाऊ मी एकटा. वय एकवीस, अंगात रग मावत नव्हती, आणि रायमाळच्या गादीच्या वारसाचा कान आपल्या हातात येणार म्हणून मी महिनाभर जमिनीवर नव्हतो. मग कळलं की कान येणार नाही, खांडा येणार.

रायमाळ मोठं संस्थान. आमची वाघखिंड म्हणजे एक गढी, चार गावं आणि घाटातून खाली उतरणारी एक खिंड. मोठ्या घराण्यानं धाकट्याच्या दारी नवरा मुलगा पाठवायचा नाही, त्याचा खांडा पाठवायचा, ही तिकडची रीत. खांड्याशी लग्न लागलं की ते खांड्याच्या धन्याशी लागलं. नवरा मुलगा जांभळी नदीच्या पलीकडं तळ देऊन बसतो आणि लग्न लागलेली नवरी त्याच्याकडं पोचवतात. वारसानं लग्नासाठी नदी ओलांडली तर त्याचा गादीवरचा हक्क गेला, असं रायमाळकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते.

राजसनं बायकांना कसलंसं निमित्त सांगून बाहेर घालवलं. दार लोटून घेतलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"दादा, तू मूठ धरलीस का खांड्याची?"

"पालखीतून मीच उतरवला. पण वर जरीचा रुमाल गुंडाळलेला होता."

"परत जा. रुमाल काढ. आधी उजव्या हातानं धर, मग डाव्या हातानं, आणि मला येऊन सांग."

"काय सांगू?"

"कुठला हात बसतो ते."

मला वाटलं, उपास आणि हळद हिच्या डोक्यात गेली. पण ती मस्करी करत नव्हती. तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता. मी उठलो.

खांडा देवघराबाहेरच्या चौरंगावर ठेवला होता. दोन पहारेकरी होते, पण मी नवरीचा भाऊ, मला कोण अडवणार? मी रुमाल सोडला. पोलादी मूठ, तिच्यावर सोन्याची वेल. वेल एका जागी पार पुसून गेली होती आणि तिथं अंगठ्याएवढा खळगा पडला होता. वर्षानुवर्षं एकाच हातानं घट्ट धरल्याशिवाय असं होत नाही. मी उजव्या हातानं मूठ धरली. माझा अंगठा बरोबर त्या खळग्यात जाऊन बसला. डाव्या हातानं धरली तर हात नुसता अवघडला.

"काय शोधताय, हणगोजीराव?"

मागं त्रिंबकपंत उभे होते. गोरा, गोल, गोड चेहरा. त्यांचं बोलणं ऐकताना तुपात हात घातल्यासारखं वाटायचं.

"कान शोधतोय," मी म्हणालो. "होमाच्या वेळी पंचाईत नको."

पंत मनापासून हसले. माझ्या हातातून खांडा अलगद घेऊन त्यांनी रुमाल पुन्हा गुंडाळला. "हौशी आहात. पण जपून. फार वर्षं चाललेलं पातं आहे हे. बोट लागलं तर तुटून पडेल."

नवरदेवाचं, रंभाजीरावांचं, वय तेव्हा बावीस. फार वर्षं कुठून आली, हा प्रश्न मला पडला खरा, पण माजघराच्या दारात पोचल्यावर.

"उजवा," मी राजसला सांगितलं.

तिनं डोळे मिटले. मग एका दमात बोलत सुटली.

"गेल्या चैतात तुकाईच्या जत्रेत घोड्यांची दौड होती, आठवतं? तू कुस्त्या बघायला गेला होतास. मैदानात लिंबं मांडलेली, दौडत्या घोड्यावरून वाकून खांड्यानं ती कापायची. शेवटचं लिंबू मी मांडलं. रंभाजीराव आले ते सरळ माझ्या अंगावर आले म्हणेनास. मी हलले नाही. त्यांनी लिंबू कापलं ते डाव्या हातानं. मग घोडा वळवून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, भीती नाही वाटली? मी म्हटलं, डावा हात बघून वाटली. तर म्हणाले, माझा हाच चालतो, उजव्यानं मला घासही घेता येत नाही. दादा, ते डावखुरे आहेत. हा खांडा त्यांचा नाही."

"मग कुणाचा?"

"रायमाळातून आणखी कुणाचा खांडा मुंडावळ्या बांधून आपल्या दारी येईल?"

रंभाजीरावांचे चुलते सुलतानजीराव गादीवर होते. पन्नाशी उलटलेली, तीन राण्या. दसऱ्याच्या आधी त्यांनी स्वतःसाठी राजसला मागणी घातली होती, खरं म्हणजे आमच्या खिंडीला. आमच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, पत्रिका जुळत नाही म्हणून हात जोडले. मग माघात तीच मागणी पुतण्यासाठी आली, तेव्हा आबांनी आनंदानं साखर वाटली. आणि आता कळत होतं की मागणी बदललीच नव्हती.

"भटजी रंभाजीरावांचंच नाव घेतील की," मी म्हणालो.

"नाव कुणाचंही घेऊ देत. ज्याचा खांडा, त्याची बायको. सात पावलं पडली की मी थोरल्या महाराजांची चौथी राणी. मग पंत हात जोडून म्हणतील, गडबडीत चुकून झालं, आता काय करायचं?"

"मी आबांना सांगतो."

"आबांना सांगितलंस तर ते तलवार उपसतील. दारात दोनशे स्वार आहेत." तिनं माझं मनगट धरलं. "रंभाजीराव नदीपलीकडं आहेत. त्यांच्याकडं जा. त्यांना आण."

"त्यांना ठाऊक नसेल कशावरून? चुलत्याला सामील असले तर?"

"नाहीत."

"एकदा लिंबू कापताना पाहिलंस आणि एवढी खात्री?"

कोनाड्यातून तिनं कापडाची लहानशी पुरचुंडी काढली आणि माझ्या शेल्यात बांधली. "ही त्यांच्या हातात दे. तू उघडू नकोस."

"पागेतल्या बाजीला पाठवू का? त्याचा घोडा माझ्या चंद्रीपेक्षा चलाख आहे."

"नको. तूच जा. दुसरं कुणी गेलेलं मला चालणार नाही."

असं म्हटल्यावर माझी छाती फुगली. बहिणीचा माझ्यावर केवढा विश्वास, असं मला वाटलं. तो होताच, पण त्यात आणखीही काही होतं, ते मला फार नंतर कळलं.

मुहूर्त गोरजाचा होता. सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा मी चंद्रीला मागल्या दारानं काढलं. पहारेकऱ्यानं विचारलं तर म्हणालो, घोडी पाण्यावर नेतो. पागेच्या वळणापर्यंत खरंच पाण्यावर नेल्यासारखी नेली, आणि मग टाच मारली.

ती दौड मी अजून विसरलेलो नाही. खिंडीतली वाट मला पाठ होती, पण त्या दिवशी ती संपतच नव्हती. चंद्री फेसाळली, माझा फेटा कुठंतरी बोरीच्या काट्यावर राहिला, आणि दर वळणाला मी मागं वळून सूर्य बघत होतो. मनात एकच हिशेब चालू होता. जायला एवढा वेळ, यायला एवढा, मध्ये समजूत घालायला किती? कसंही जमवलं तरी तो बसत नव्हता. गोरजाच्या आत परतलो नाही तर राजस गेली. शेवटच्या उतारावर मी मोठमोठ्यानं तुकाईला हाक मारत होतो आणि चंद्रीला शिव्या देत होतो, दोन्ही एकाच श्वासात.

जांभळीला पाणी घोड्याच्या पोटापर्यंत होतं. पलीकडं राहुट्या दिसल्या. तळावर तर नुसता जल्लोष चालला होता. डफ वाजत होते, कढया चढल्या होत्या. आणि मधोमध, अंगाला हळद फासलेला, कपाळाला मुंडावळ्या बांधलेला एक उंच तरुण चौरंगावर बसून आपल्याच माणसांबरोबर खिदळत होता.

नवरदेव. आज आपलं लग्न आहे म्हणून बिचारा नटून बसला होता.

"वाघखिंडचे मेहुणे ना?" माझा अवतार बघून तो चौरंगावरून उठला. "काय झालं? फेटा कुठंय तुमचा?"

"तुमचा खांडा कुठंय?" मी धापा टाकत विचारलं.

"म्हणजे? काल त्रिंबकपंतांनी माझ्या हातातून घेतला. तुमच्याकडं आला नाही?"

"एक खांडा आलाय. त्याच्या मुठीला उजव्या अंगठ्याचा खळगा आहे."

हसणारा चेहरा हळूहळू मावळला. त्यानं आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं. डफ थांबले. पुढचं त्याला समजावून सांगावं लागलं नाही. ज्या माणसाच्या हाताखाली तो लहानाचा मोठा झाला होता त्याचा हात त्याला चांगला ठाऊक होता.

"काकासाहेबांचा," तो म्हणाला. "खळग्याच्या वर सोन्याची वेल पुसलेली?"

"होय."

"पाहिलं कुणी? तुम्ही?"

"पाहिलं मी. पण बघायला सांगितलं राजसनं. म्हणाली, ते डावखुरे आहेत."

"तिनं लक्षात ठेवलं?"

माणूस फसवला गेला होता, राग यायला हवा होता, आणि हा मला असं विचारत होता. मी शेल्याची गाठ सोडून पुरचुंडी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उघडली. आत वाळून काळी ठिक्कर पडलेली लिंबाची अर्धी फोड होती.

मी थक्क झालो. नजर काढायला ठेवलंय की काय, असं माझ्या मनात आलं. पण रंभाजीरावानं कमरेचा कसा सोडला आणि आतून दुसरी फोड काढली. तशीच वाळकी, तशीच काळी. दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि लहान पोरासारखा हसला. मला तेव्हा कळलं की आबांनी ठरवलेलं हे लग्न या दोघांनी वर्षभर आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि घरात एवढी माणसं असून कुणाला पत्ता नव्हता. मला तर नव्हताच.

"घोडा आणा," तो ओरडला.

त्याचा म्हातारा सरनोबत पुढं आला. "रावसाहेब, नदी आहे मध्ये. लग्नासाठी पलीकडं गेलात तर गादी गेली. काकासाहेबांना तेच तर हवंय. इकडं थांबलात तर नवरी गेली, गेलात तर गादी."

"ठाऊक आहे."

"आपल्या पणजोबांपासून कुणी ओलांडलेली नाही."

रंभाजीराव रिकिबीत पाय घालून क्षणभर थांबला. नदीकडं पाहिलं. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, कुणास ठाऊक. मग त्यानं मुंडावळ्या कानामागं सारल्या.

"पाणी फार नाही दिसत," तो म्हणाला आणि घोडा नदीत घातला.

मी त्याच्या मागं. चंद्री दमली होती म्हणून त्यांचा एक ताजा घोडा मी घेतला, तोही न विचारता. परतीच्या वाटेवर आम्ही बोललो ते एकदाच. खिंडीच्या तोंडाशी तो म्हणाला, "मेहुणे, तुमचा घोडा मागं का पडतोय?" मी म्हणालो, "घोडा तुमचाच आहे." एवढ्या तातडीतही तो हसला, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे एकमेकांशी शर्यत लावून दौडत सुटलो. सूर्य डोंगराला टेकला होता. गुरं घराकडं वळली होती, त्यांच्या पायांची धूळ वाटभर उडत होती. गोरज लागला होता.

गढीच्या दारात शिरलो तर वाजंत्री बंद. वाटलं, संपलं सगळं.

पण संपलेलं काहीच नव्हतं. बोहल्यावर एका पाटावर खांडा उभा केलेला, समोर अंतरपाट धरून दोन भटजी अवघडून गेलेले, आणि दुसरा पाट रिकामा. आबासाहेब घाम पुसत होते. पंतांच्या चेहऱ्यावरचा गोडवा आंबायला लागला होता.

"चुलत भाऊ आहेत ना? त्यांनी लाह्या घालाव्यात," पंत म्हणत होते. "मुहूर्त टळतोय, आबासाहेब."

"पोरगी ऐकत नाही," आबा म्हणाले. "सख्खा भाऊ जिवंत असताना दुसऱ्याच्या हातच्या लाह्या घेणार नाही म्हणते. आणि खरंय तिचं. आमच्यात तशी चाल नाही. हणग्या कुठं उलथलाय कुणास ठाऊक."

"आलो," मी दारातून ओरडलो. "नवरदेवालाही आणलंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. रंभाजीराव घोड्यावरून उतरला. अंगाची हळद घामानं आणि पाण्यानं ओघळलेली, मुंडावळी एक तुटलेली. स्वारांनी आधी त्याला ओळखलं नाही, आणि ओळखलं तेव्हा एकदम सगळ्यांनी मुजरे घातले. त्यातल्या निम्म्यांनी त्याला खांद्यावर खेळवलं होतं. आपण कुणाच्या लग्नाला आलोय याबद्दल त्यांना आत्तापर्यंत शंका नव्हती.

तो सरळ पंतांपुढं जाऊन उभा राहिला.

"पंत, माझा खांडा कुठंय?"

पंतांचा हात जपमाळेवर गेला. "रावसाहेब, आपण इथं? नदी ओलांडून? आपल्याला ठाऊक आहे ना याचा अर्थ?"

"माझा खांडा कुठंय, विचारलं मी. काल तुमच्या हातात दिला होता."

"समोरच आहे की, पाटावर."

"त्याचा रुमाल सोडा आणि माझ्या माणसांना सांगा, हा माझा म्हणून."

मांडवात कुजबुज सुरू झाली. स्वारांपैकी कुणीतरी पुढं सरकलं. आबांचा हात कमरेकडं गेला, माझाही. पंत मागं सरले, पण त्यांची माणसंही कमी नव्हती. एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तर त्या मांडवात रक्त सांडलं असतं, आणि रक्त सांडलं असतं तर वाघखिंड उरली नसती.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. माजघरातून राजस आली. कुणी आणली नाही, मामानं हात धरला नाही, एकटी चालत बोहल्यावर आली. अंतरपाट धरणाऱ्या भटजींना तिनं हातानंच बाजूला केलं. मग पाटावरच्या खांड्यासमोर बसली, त्याला हळदकुंकू वाहिलं, पदर नीट घेतला आणि सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला.

"मामंजी," ती म्हणाली, "आपण स्वतः लग्नाला आलात, आमचं भाग्य थोर. आशीर्वाद असावा."

पंतांच्या हातातली जपमाळ थांबली.

मला अर्थ लागायला जरा वेळ लागला. पंतांना लगेच लागला, ते त्यांच्या चेहऱ्यावरच मला दिसलं. ज्याला भर मांडवात सासरा म्हणून नमस्कार झाला त्याच्या गळ्यात त्याच मांडवात माळ कशी घालायची? राजसनं त्या खांड्याला खोटं पाडलं नव्हतं. त्याचा अपमानही केला नव्हता. त्याला फक्त त्याच्या वयाच्या जागी बसवलं होतं.

ती उठली आणि पंतांकडं वळली. "पंत, तुमच्याच रीतीनं खांडा म्हणजे खुद्द धनी. होय ना?"

"होय," पंत म्हणाले. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

"मग थोरले महाराज नदी ओलांडून आमच्या दारी आलेत. त्यांच्यामागून त्यांचे पुतणे आले. वडीलधाऱ्यांच्या पाठीमागं येण्यानं कुणाची गादी जाते का? तसं असेल तर आधी महाराजांचीच जाईल."

कुठूनतरी एक स्वार हसला. मग दुसरा. बघता बघता सगळा मांडव हसायला लागला. पंत कारभारात मुरलेले होते. बुडती नाव सोडून दुसऱ्या नावेत पाय कधी टाकायचा हे त्यांना बरोबर कळायचं. त्यांनी उपरणं सावरलं, तोच जुना गोडवा चेहऱ्यावर आणला आणि मोठ्यानं म्हणाले, "महाराजांची तशीच इच्छा होती. पुतण्याच्या लग्नाला आपला खांडा हजर असावा, म्हणून तर तो आणला. गैरसमज झाला मंडळींचा."

"आणि माझा?" रंभाजीरावानं विचारलं.

"आपला सामानात आहे. आणवतो."

तो आणेपर्यंत कुणी थांबलं नाही. गोरजाची धूळ अजून हवेत होती तोवर अक्षता पडल्या, माळा पडल्या. दोघांच्या मधला अंतरपाट खाली गेला तेव्हा राजस पहिलं काय बोलली ते मी जवळ असल्यामुळं ऐकलं. ती म्हणाली, "उशीर केलात." तो म्हणाला, "तुमच्या भावाचा घोडा मागं पडत होता." मी तिथंच बोलणार होतो, पण भटजींनी डोळे वटारले.

मग होम आला. मी राजसच्या ओंजळीत लाह्या घातल्या. आणि मग मी बाह्या सरसावल्या. खराखुरा, गरम, हळदीनं माखलेला कान होता. असा पिळला की रायमाळच्या वारसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळं वऱ्हाड ओरडत होतं, माग, माग. त्याच्यापाशी देण्यासारखं काहीही नव्हतं. ना खांडा, ना कंठी, दोन वाळक्या फोडी तेवढ्या.

"शर्यत कोण जिंकलं, ते सांगा," मी कान न सोडता म्हणालो.

"तुम्ही," तो कळवळून म्हणाला. "तुम्हीच जिंकलात."

एवढं कबूल झाल्यावर मी सोडला, आणि सात पावलं पडली.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी राजस मेण्यात बसली. मी पडदा सारखा करत होतो. आदल्या दिवसाचा हिशेब माझ्या डोक्यातून जात नव्हता. "राजस, मला यायला आणखी उशीर झाला असता तर गं? गोरज टळला असता तर काय केलं असतंस?"

"खुळ्या, लाह्या कोण घालणार होतं?"

"म्हणजे?"

"तुझ्याशिवाय होम नाही, होमाशिवाय सप्तपदी नाही. तू बाहेर असेपर्यंत माझं लग्न कुणाशीच लागू शकत नव्हतं. म्हणून तर बाजीला नाही पाठवलं."

काट्यांनी ओरबाडलेलं माझं कपाळ अजून चुणचुणत होतं. आदल्या दिवशी मी जीव तोडून परत धावत होतो, आणि इकडं माझं नसणंच तिला राखत होतं. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "आधी सांगायचंस की," मी म्हणालो. "चंद्रीला शिव्या तरी दिल्या नसत्या."

"सांगितलं असतं तर सावकाश गेला असतास," ती म्हणाली. मेणा उचलला गेला.

सुलतानजीरावांनी पुढं कधी या गोष्टीचा उल्लेख केला नाही. सून पाया पडली की आशीर्वाद देत. द्यावाच लागे. त्यांच्यामागं गादी रंभाजीरावांकडं आली, आणि लिंबाच्या दोन फोडी अजून रायमाळच्या देवघरात चांदीच्या डबीत आहेत. पुजारी त्यांना कुठल्यातरी देवीचा प्रसाद समजतो.

हे सगळं आज आठवायचं कारण असं की काल राजसच्या धाकट्या लेकीसाठी उत्तरेकडच्या एका थोर घराण्याचा खांडा आला. रायमाळहूनही मोठं घर. पालखी, शिंगं, मुंडावळ्या, सगळं तसंच. राजसनं खांड्याला ओवाळलं, मूठ हातात घेऊन बराच वेळ पाहिली, आणि माझ्यासाठी माणूस धाडला. मी आता साठी ओलांडलेला. गुडघे बोलतात. घोड्यावर चढायला ओटा लागतो.

"दादा, निरोप न्यायचाय," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, खांडा पोचला. आता तो धरणारा हात पाठवा. माझ्या पोरीला बघू दे."

"बाजीचा मुलगा आहे. त्याचा घोडा चलाख आहे," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं तसंच पाहिलं, त्या दिवशी माजघरात पाहिलं होतं तसं. नवरीला हात धरून बोहल्यावर आणायचं ते मामानं, आणि पोरीला मामा मी एकटाच. उन्हं कलायच्या आत मला निघायचं आहे, आणि पोराला सांगितलंय, फेटा जरा घट्ट बांध.